गवंड्यांसाठी बहिष्कार

सुनेत्रा वैरागडेशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस रायपूरच्या भनपुरीत शोधून सापडायचा नाही. ट्रकवाले, हमाल, माल पाठवणारे शेठ, नाक्यावरचा हवालदार, सगळ्यांनी तिचा आवाज ऐकलेला. ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंग तिच्याकडे. सिलतऱ्याच्या कारखान्यांचं लोखंड आज कोणत्या गाडीत चढणार आणि कोणती गाडी उद्यापर्यंत धूळ खात उभी राहणार, हे तिच्या तोंडून निघतं. ड्रायव्हर समोर तिला दीदी म्हणतात. मागे काय म्हणतात तेही तिला ठाऊक आहे, कारण एकदा तिने एकाला चहा पाजून, खुर्चीत बसवून, ते नाव त्याच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. तेव्हापासून मागे बोलतानाही लोक आधी वळून पाहतात.

पण त्या वर्षी तिने जे भांडण काढलं ते भनपुरीतल्या कोणाशी नव्हतंच. ते होतं सातासमुद्रापलीकडच्या एका व्हिडिओ गेमच्या कंपनीशी. आणि कारण होतं गवंडी.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. राज्य नुकतंच वेगळं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. चौकाचौकात नव्या पाट्या लागत होत्या आणि सुनेत्रा कॉलेजात होती. वडील यशवंतराव रेल्वेत गार्ड, मूळचे वर्ध्याकडचे. सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे उतरावं लागेल अशा जिन्याने वर गेलं, की भैय्यालालचं सायबर कॅफे. खरं काम भरतीचे निकाल दाखवायचं. पण संध्याकाळी तिथे पोट्ट्यांची झुंबड उडायची ती एका गेमसाठी. त्याचं इंग्रजी नाव भलतंच लांबलचक होतं. रायपुरात सगळे त्याला 'गढी' म्हणत. आपली गढी राखायची, समोरच्याची पाडायची. घोडेस्वार, हत्ती, तोफा, आणि भिंती बांधायला गवंडी.

पोट्टे सगळे घोड्यांच्या मागे. ज्याचा हात माऊसवर सपासप चालतो त्याचे घोडे. सुनेत्राचा हात तसा चालत नसे. चालणार कसा? घरी कॉम्प्युटर नाही, आणि कॅफेत एकटी मुलगी म्हणून खुर्ची मिळवायलाच रोज वाद घालावा लागायचा. मग तिने गवंडी धरले. बाहेरून शत्रू भिंतीवर घण घालतोय, आतून तिचे गवंडी दगडावर दगड चढवताहेत. एक दगड पडला की दुसरा बसलाच. घण घालणारा थकायचा, त्याची फौज संपत यायची, आणि मग दरवाजा उघडून तिचा जोडीदार गौतम घोडे बाहेर काढायचा. गौतम तात्यापारा मोहल्ल्यातला, शांत स्वभावाचा, ज्याचं शेवटचं बोलणं कानावर पडलं त्याला हो म्हणणारा. घोडे मात्र वाघासारखे चालवायचा. ही जोडी कॅफेत कोणाला हरली असेल तर ती वीज गेल्यामुळे. पाहता पाहता सगळा सदर बाजार गवंडी ठेवू लागला. रायपूरचा खेळ म्हणजे भिंतीचा खेळ, हे ठरूनच गेलं. तो ठरवला होता सुनेत्रानं, आणि त्याचा तिला जो अभिमान होता तो तिने कधी लपवला नाही.

पुढे इंटरनेट फोनात आलं, कॅफे बंद पडलं. भैय्यालालने त्याच गल्लीत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं. गौतम मंत्रालयात लागला, सुनेत्रा भनपुरीत. गढी आठवणीत राहिली.

आणि मग एक दिवस गौतमचा फोन आला, "सुनेत्रा, गढी परत येऊन राहिली. नव्या रूपात. कंपनीच काढून राहिली."

दर रविवारी गौतमच्या घरी मैफल जमू लागली. चार जण. सुनेत्रा, गौतम, गौतमची भाची पिंकी आणि अनिमेष. पिंकी कॉलेजातली पोट्टी. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. हात असा चपळ की माऊस दिसू नये. अनिमेष पुण्याहून शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका संस्थेत नोकरीला आलेला. मराठी मंडळाच्या कोजागिरीला दुधाच्या रांगेत गौतमशी ओळख झाली आणि तो गढी खेळणारा निघाला.

पहिला सामना सुनेत्रा विरुद्ध पिंकी. नवी गढी दिसायला देखणी. नदीचं पाणी चमकतंय, हत्ती कान हलवतोय. सुनेत्राने भिंत घातली, मागे गवंडी लावले आणि चहाचा कप उचलला. पिंकीची फौज आली, घण पडू लागले. आणि गवंडी हात खाली सोडून उभे राहिले.

"अरे, हे काहून उभे राहिले?" सुनेत्रा ओरडली. "बांध ना रे बाबा! बांध!"

गवंडी ढिम्म. घण थांबला की एखादा दगड लावायचे, पुन्हा घण पडला की हात खाली. चहा निवायच्या आत भिंत गेली, भिंतीमागे गढी गेली.

"दीदी, ये तो बहुत जल्दी हो गया," पिंकी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"बिघडवला," सुनेत्राने कप आदळला. "कंपनीने गेम बिघडवला. गवंड्याचे हातच कापले की हो!"

अनिमेष चष्मा पुसत म्हणाला, "ताई, पण हे असंच होतं ना? मार चालू असताना गवंडी काम करत नाही. पहिल्यापासून."

"कोण म्हणते?"

"मी पुण्यात कॉलेजभर खेळलोय."

"पुण्याचं पुण्यात ठेव. इथे हा गेम मी शिकवला लोकाईले. गौतम, सांग याले."

गौतमने सांगितलं की गवंडी काम करायचे, अगदी मार खात करायचे. मग अनिमेषने समजावलं की तसं असेल तर कोणी हल्लाच करणार नाही, सामना दोन-दोन तास रेंगाळेल, नवी मुलं पळून जातील. गौतम म्हणाला, तेही खरंच आहे.

"कंटाळा येते त्याने लूडो खेळावं," सुनेत्रा म्हणाली. "ज्याचा हात तेज त्याचंच राज्य असेल तर डोकं कशाले दिलं देवाने? भिंत होती म्हणून माझ्यासारखी बाई या पोट्ट्यांसमोर उभी राहत होती. ती भिंतच काढली तुम्ही."

"मी कुठे काढली?" अनिमेष बिचारा म्हणाला.

कंपनीने आपल्या संकेतस्थळावर खेळाडूंना मत मांडायला जागा ठेवली होती. तिथे आधीच रण पेटलेलं. हत्ती महाग केले म्हणून जुने खेळाडू भडकलेले, नवे म्हणत होते बरं झालं, हत्तींनी पूर्वी सगळं तुडवलं होतं. जुने नव्यांना पोरं म्हणत, नवे जुन्यांना म्हातारे. या गर्दीत सुनेत्रा शिरली. मोडक्या इंग्रजीत, अडलं तिथे हिंदीत, पण आवाज भनपुरीचाच. हत्ती गेले तेल लावत, तिने लिहिलं, आधी गवंड्यांचं बोला. त्यांचं काम काढून घेतलंत ते परत द्या. वीस वर्षं खेळणाऱ्यांना न विचारता तुम्ही हे केलंच कसं?

पहिल्या दिवशी जुन्यांनी आपलीच बाई समजून टाळ्या वाजवल्या. मग कोणी नीट वाचलं. "गवंडी तर तसेच आहेत, काहीच बदललेलं नाही," एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "ही कधी खेळलीच नसेल." मग जुने आणि नवे, जे आठवडाभर एकमेकांची उणीदुणी काढत होते, ते तिला हसायला मात्र एकत्र आले. सुनेत्राच्या आयुष्यात तिला लोकांनी भांडखोर म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. खोटारडी कोणी म्हटलं नव्हतं.

ऑफिसात त्या दिवसांत तिच्यापुढे उभं राहायची कोणाची छाती नव्हती. एका ड्रायव्हरने पावती मागितली तर ती म्हणाली, "देते. तुले पण वाटते का मी खोटं बोलून राहिली?" तो पावती न घेताच गेला.

अशातच नागपूरच्या स्पर्धेचं निमंत्रण आलं. आसपासच्या शहरांतले गढीचे संघ, तिघातिघांचे. रायपूरकडून सुनेत्रा, गौतम, पिंकी. कप्तान सुनेत्रा. सोमवारी दुपारपर्यंत कप्तानाने होकार कळवायचा होता. रविवारी ती आली तीच घोषणा करत.

"रायपूर खेळणार नाही. गवंडी परत येत नाहीत तोवर बहिष्कार."

पिंकीचा चेहरा उतरला. ती महिनाभर कॉलेजातून आली की हेच करत होती. नागपूरला जायचं म्हणून घरी आईशी दोन भांडणं करून झाली होती. "दीदी, नागपूरवालों को क्या फर्क पड़ेगा? वो बोलेंगे, अच्छा हुआ, एक टीम कम."

"फरक पडते. कोणीतरी नाही म्हणलंच पाहिजे."

"तो आप बोलो ना नहीं. मेरा नाम काहे को काटती हो?"

"पोट्टे, ही तत्त्वाची गोष्ट आहे."

"तत्त्व नहीं है, दीदी." पिंकी उभी राहिली. "दीवार के बिना आप मेरेसे हारती हो. चार इतवार से हार रही हो. गवंडी के लिए नहीं लड़ रही, अपने लिए लड़ रही हो."

गौतमने पंख्याकडे पाहिलं. अनिमेषने लॅपटॉपकडे. सुनेत्राला वाटलं उठून या पोरीच्या एक लगावावी. आणि तेवढ्याच जोरात वाटलं की पोरगी खोटं बोललेली नाही. हे दुसरं वाटणं तिला जास्त झोंबलं. भिंत नसेल तर सुनेत्रा कोण? चाळिशीची, मंद हाताची एक बाई, जिला ही सगळी केवळ मान म्हणून खेळायला घेतात.

"बरं," ती म्हणाली. "मी स्वतःसाठी लढून राहिली असं म्हण. पण खोटी नाही मी. ते आधी दाखवते, मग बोल. गौतम, गाडी काढ. भैय्यालालचा जुना कॉम्प्युटरचा डबा कुठे असेल?"

रविवारच्या भर दुपारी चौघं सदर बाजारात पोचली. दोन स्कूटरी एका सराफाच्या ओट्याला टेकवून, लोकांच्या शिव्या खात, कव्हरांच्या दुकानात शिरली. भैय्यालाल आता पिकला होता, पण सुनेत्राला पाहून पहिलं काय म्हणाला तर, "गवंडीवाली! अभी तक झगड़ती हो क्या?"

"कामच ते आहे, भैया. जुना कॉम्प्युटर आहे का? गढीवाला?"

होता. माळ्यावर, कव्हरांच्या खोक्यांमागे, पोत्यात गुंडाळलेला. भैय्यालालच्या बायकोने कधीच भंगारात द्यायला काढला होता, याने दिला नव्हता. गौतम आणि अनिमेषने तो अवजड डबा खाली आणला. धूळ झटकली, तारा जोडल्या. दोनदा नुसता घरघरला. तिसऱ्यांदा पडदा निळा झाला, आणि तीच जुनी कर्कश तुतारी वाजली. दुकानात कव्हर घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं थांबून पाहू लागली.

"अनिमेष, मोबाइल काढ. व्हिडिओ घे," सुनेत्रा म्हणाली. "सगळ्या जगाले दाखवू."

तिने भिंत घातली. गवंडी लावले. समोरच्या बाजूने कॉम्प्युटरचीच फौज आली आणि घण घालू लागली. आणि गवंडी वाकले. दगड उचलला, लावला. घण पडला, दगड निखळला, दुसरा लावला. मार चालू, काम चालू.

"पाय, डोळे उघडून पाय!" सुनेत्रा ओरडली, इतक्या जोरात की बाहेरचा पाणीपुरीवाला डोकावला. "पाय, पुणेकर! पाय गं पोट्टे! कोण खोटं बोलून राहिलं?"

पिंकी डोळे मोठे करून पाहत होती. "सच में करते थे," ती हळूच म्हणाली.

अनिमेष व्हिडिओ घेत होता. घेता घेता त्याने हात खाली केला. गेम सुरू होतानाच्या पडद्यावर परत जायला सांगितलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडा होता. एक, टिंब, शून्य.

"ताई," तो म्हणाला, "ही अगदी पहिली आवृत्ती आहे."

"मग? पहिलीच खरी ना?"

त्याने आपल्या फोनवर बराच वेळ काही शोधलं. जुन्या खेळाडूंनी कुठेकुठे जपून ठेवलेली पानं उघडली. मग फोन तिच्यापुढे धरला. गेम बाजारात आल्यावर दोन-तीन महिन्यांतच कंपनीने इंटरनेटवरून एक दुरुस्ती पाठवली होती. तिच्यात काय काय सुधारलं याची यादी होती, आणि एका ओळीत लिहिलं होतं की मार चालू असताना गवंडी काम करत राहतात, ही चूक काढली आहे.

चूक.

"सगळ्यांनी ती उतरवून घेतली," अनिमेष म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "पुण्यात आम्ही घेतली. बहुतेक सगळीकडे."

सुनेत्रा भैय्यालालकडे वळली. "भैया, हे आलं होतं तुमच्याकडे?"

"आता था ना," भैय्यालाल म्हणाला, जणू कोणी दुधाचं विचारलं. "जब चालू करो तब पूछता था, नया वाला डालूँ क्या. एक-दो बार डालने बैठा भी. टेलिफोन की लाइन से नेट चलता था, आधा उतरे कि किसी का फोन आ जाए, लाइन कट, फिर शुरू से. फिर मैं 'नहीं' दबा देता था. गेम तो चल रहा था. बढ़िया चल रहा था."

म्हणजे सगळं जग एक गेम खेळत होतं आणि सदर बाजार दुसरा. इथे ज्याला डावपेच म्हणत होते, ज्यावरून तिला गवंडीवाली म्हणत होते, ते तिकडे पहिल्या पावसाळ्यातच चूक म्हणून पुसलं गेलं होतं. आणि रायपूरला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण फोनची लाइन कटली होती.

सुनेत्राला भांडायचं होतं. तिने भैय्यालालकडे पाहिलं; त्याचा काय दोष? अनिमेषकडे पाहिलं, तो तर खरं बोलत होता. कंपनीने आता काही बदललंच नव्हतं. तिचा राग हातात दगड घेऊन उभा होता आणि समोर डोकंच नव्हतं. असला राग तिला सवयीचा नव्हता.

गौतम हळूच म्हणाला, "म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीचं खेळलो का गं?"

"चूक त्यांची, सुधारली त्यांनी, आपल्यापर्यंत आली नाही," ती कडाडली. "यात आपण काहून चुकीचे? मी जिंकली ते जिंकली. तुझे घोडे काय खोटे होते?"

"नाही," गौतम म्हणाला. या वेळी त्याने नंतर कोणाचंही ऐकून मत बदललं नाही.

ती घरी गेली. संकेतस्थळ उघडलं. तिच्या नावाखाली नव्या चेष्टा येऊन पडल्या होत्या. तिने व्हिडिओ टाकला. खाली माफी लिहायला घेतली, पुसली. शिव्या लिहायला घेतल्या, त्याही पुसल्या. शेवटी लिहिलं, माझ्या शहरात या गेमची पहिली प्रत आली आणि तीच राहिली. तुमची दुरुस्ती आमच्यापर्यंत पोचली नाही. आमचे गवंडी मार खातही काम करत. तुम्ही त्याला चूक म्हणता. तो खेळ चांगला होता. मी खोटं बोलले नव्हते. मागणी कायम आहे.

दोघांनी हसरे चेहरे टाकले. एकाने लिहिलं, म्हणजे चूकच मागतेय ही. मग हत्तींची भांडणं पुन्हा वर आली आणि तिचं लिहिणं त्यांच्याखाली दबून गेलं. कंपनीकडून उत्तर आलं नाही. आजतागायत आलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात अंगणभर गाड्या. सिलतऱ्याची खेप अडकलेली, दोन ड्रायव्हर एकमेकांच्या गळ्याशी आलेले. सुनेत्राने दोघांनाही हाकललं आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. नागपूरवाल्यांचा संदेश उघडला. तीन नावं, खाली हो किंवा नाही. तिने 'नाही'वर बोट नेलं. भैय्यालाल आठवला, दर वेळी 'नहीं' दाबणारा. गेम तो चल रहा था. बोट तिथेच थांबलं. तिचा खेळ चालला होता, खरंच बढिया चालला होता. पण पिंकीचा अजून सुरूही झाला नव्हता.

तिने कप्तानाच्या जागी नाव बदललं, 'हो' दाबलं, आणि पिंकीला फोन लावला.

"नाव पाठवलं. कप्तान तू."

पलीकडे कॉलेजच्या व्हरांड्यातला गलका. "सच्ची, दीदी? और आप?"

"मी तिसरी. अनिमेषले राखीव ठेव. लागलं तर काढ मले, रडत नाही मी. पण पहिला सामना मीच खेळीन."

"दीदी, वो कल मैंने जो बोला..."

"बरोबर बोलली. पुन्हा बोलू नको."

पिंकी हसली. आणि मग जो आवाज आला तो भाचीचा नव्हता, पोरीचा नव्हता, कप्तानाचा होता. "तो एक बात अभी से सुन लो. पहले मैच में दीवार नहीं. आप घोड़े लोगी, मामा के पीछे."

"पाहू."

"पाहू नहीं, दीदी. हाँ बोलो. नहीं तो पहले मैच में अनिमेष भैया."

खिडकीबाहेर एक ट्रक मागे घेत होता आणि हमाल आने दो, आने दो ओरडत होते. सुनेत्राच्या तोंडात चार उत्तरं आली, चारही झणझणीत. ही पोट्टी तिला खेळ शिकवणार! हिच्या जन्माआधी सदर बाजारात जिन्यावर रांग लागायची ती कोणाच्या भिंतीसाठी! तिने फोन कानापासून दूर धरला, छताकडे पाहून एक शिवी हासडली, नुसती ओठांनी. मग फोन परत कानाला लावला.

"हव," ती म्हणाली, आणि पिंकीने थँक्यू म्हणायच्या आत फोन कापला.